सहा टोप्या आणि सरळ रेघ

मी लेखक नाही, हे आधी सांगून टाकतो. पदार्थविज्ञान शिकणारा विद्यार्थी आहे, आणि माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. आठवणी लिहाव्यात असं माझं वय नाही. सांगावं असं मोठं कामही माझ्या हातून झालेलं नाही. तरी हे लिहितो आहे, कारण एम.एस्सी.च्या प्रोजेक्टच्या अहवालात मी एक वाक्य लिहिलं. ते छापलं गेलं, त्यावर सही झाली आणि तो अहवाल नांदेडला आमच्या विभागाच्या कपाटात जाऊन बसला. त्या एका वाक्याने माझ्या वडिलांचं माप खोटं ठरवलं. ते खरंच खोटं होतं का, एवढीच ही गोष्ट आहे. लिहिताना चुकलो तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. लातूरला डाळ मिलांच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं लेथचं दुकान आहे. एक शटर, एक जुनी लेथ, एक ड्रिल मशीन आणि भिंतीला लावलेली हत्यारं. मिलचे शाफ्ट, बुश, पुली, असली कामं ते करतात. काम शिकले ते एका उस्तादांकडे. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. चाचा गेले, पण त्यांच्या दोन सवयी अण्णांच्या दुकानात राहिल्या. एक म्हणजे, मशीनवरून उतरलेली वस्तू लगेच मोजायची नाही. ती रात्रभर थंड होऊ द्यायची आणि सकाळी मोजायची. "गरम मापाला माप म्हनायचं न्हाई," असं अण्णा म्हणतात. दुसरी म्हणजे, नव्या नमुन्याचं काम आलं की एकाला दोन करायचे. एक गिऱ्हाइकाला द्यायचा आणि जोड पत्र्याच्या डब्यात ठेवायची. गिऱ्हाईक पुन्हा आलं तर नमुना हाताशी असतो, आणि तक्रार घेऊन आलं तर साक्षीदार.

माझा प्रोजेक्ट किरण मोजण्याच्या एका उपकरणावर होता. त्याला आयन चेंबर म्हणतात. ते थोडं समजावून सांगावं लागेल.

किरण हवेतून गेले की हवेत विजेचा थोडा भार तयार होतो. तो मोजला की किरणांचा जोर कळतो. पण हवा मोजायची तर ती कशात तरी धरावी लागते. त्यासाठी करंगळीच्या पेराएवढं पोकळ, गोल चेंबर असतं. ज्या भिंतीने ही हवा धरली, तीच भिंत किरणांच्या वाटेत येते. ती थोडे किरण अडवते, थोडे विखरून आत ढकलते. म्हणजे आलेला आकडा भिंतीसकटचा असतो, आणि आपल्याला हवा असतो भिंत नसतानाचा. भिंत काढता येत नाही. म्हणून उलटं करायचं, ती मुद्दाम वाढवायची. चेंबरवर पाच मिलिमीटर जाडीची टोपी घालून आकडा घ्यायचा, मग सहाची, मग सातची, असं दहापर्यंत. पाचाच्या खाली दुसऱ्याच अडचणी सुरू होतात, म्हणून तिथे जायचं नाही. जाडी वाढेल तसा आकडा किंचित उतरत जातो. ते सहा बिंदू कागदावर मांडायचे, त्यांतून सरळ रेघ ओढायची आणि ती मागे शून्य जाडीपर्यंत न्यायची. शून्यावर ती जिथे टेकते, तो भिंतीविनाचा आकडा.

आमच्या सरांनी हे दहा मिनिटांत फळ्यावर समजावलं. मला ते फार सुंदर वाटलं. जी गोष्ट हाताने कधीच करता येणार नाही, ती एका रेघेने करता येते, याचं मला दोन दिवस कौतुक वाटत होतं.

किरणांचं मशीन लातूरच्या एका रुग्णालयात होतं. कर्करोगाच्या रुग्णांना तिथे उपचार देतात. मशीनचा हिशेब सांभाळणाऱ्या मॅडमनी मला रविवारची परवानगी दिली, कारण त्या दिवशी रुग्ण नसतात. वापरातून काढलेलं एक जुनं पण चांगलं चेंबरही दिलं. टोप्या मात्र नव्हत्या. मी म्हटलं, मी करून आणतो.

दुकानात जाऊन अण्णांना सांगितलं, अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे काचेसारख्या प्लॅस्टिकच्या, सहा टोप्या हव्यात.

"टोप्या?" अण्णा हसले. "कुनाला घालायच्यात?"

"चेंबरला."

"आन् त्याचं डोकं किती मोठं हाय?"

मी कागद पुढे केला. त्यांनी तो पाहिला आणि परत दिला. "कागदावरचं माप नको. वस्तू बघितल्याबिगर मी भोक पाडत न्हाई."

म्हणून पुढच्या रविवारी अण्णा माझ्याबरोबर रुग्णालयात आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. बारीक मापाचा मायक्रोमीटर रुमालात गुंडाळून खिशात ठेवला होता. मॅडमनी दार उघडलं आणि अण्णांकडे पाहून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "मॅडम, हे लेथवाले मिस्त्री."

मी असं का म्हणालो, ते आता कळतं. आमच्या वर्गातल्या बहुतेकांचे वडील शिक्षक किंवा ऑफिसात आहेत. तिथे 'वडील काय करतात' या प्रश्नाला मी 'लातूरला व्यवसाय आहे' एवढंच सांगत असे. ती सवय जिभेवर होती. अण्णांनी मॅडमना नमस्कार केला, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि मग चेंबर हातात घेतलं. तीन ठिकाणी मोजलं, माझ्या वहीत तीन आकडे लिहिले आणि चेंबर जसं होतं तसं ठेवलं.

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "अण्णा, मी ते..."

"मिस्त्री तर हावच की मी," ते म्हणाले. "खोटं काय बोललास? चल, रॉड बघायला जायचंय."

टोप्या करताना मी दुकानात होतो. अ‍ॅक्रिलिक लवकर तापतं, तापलं की फुगतं. अण्णा लेथ अगदी हळू चालवत होते आणि साबणाच्या पाण्याची धार सोडत होते. पांढऱ्या किसाच्या लांब कुरळ्या दोऱ्या निघत होत्या. सहाही टोप्या एकाच रॉडमधून काढल्या आणि त्यांच्या जोडीही त्यातूनच. प्रत्येकीवर सुईने जाडीचा आकडा कोरला आणि सगळ्या फळीवर ओळीने मांडून शटर ओढलं.

सकाळी त्या मोजल्या जात असताना मी खडूने फळीवर माझी रेघ काढून दाखवली. सहा बिंदू, सरळ रेघ, शून्य.

अण्णांनी जरा वेळ ती रेघ बघितली. "ते चेंबर गोल हाय न?"

"हो."

"मंग रेघ सरळ कशी येईल?"

"म्हणजे?"

त्यांनी कोपऱ्यातला पाइपचा तुकडा उचलला आणि त्यावर करवत धरल्यासारखं केलं. "पाइप कापताना बघ. वरच्या कडेला करवत लई वेळ खाते, कारन ती भिंतीच्या लांबीनं चाललेली असते. मधे आली की भरकन जाते, तिथं नुसत्या दोन बाजू कापायच्या. किरनाचं बी तसंच की. मधून गेला त्याला भिंत पाच मिलिमीटर. कडेनं गेला त्याला लई जास्त. आन् जाडी बदलली की हे समदं बदलनार. सारख्या हिशेबानं न्हाई बदलनार."

"अण्णा, पुस्तकात सरळच दिलीय."

"मंग आसंल," असं म्हणून त्यांनी मायक्रोमीटर पुसला. टोप्या मीही व्हर्निअरने मोजल्या होत्या. पाचची पाच आली, सहाची सहा.

त्याच आठवड्याच्या रविवारी रुग्णालयात मी आणि मॅडमनी आकडे घेतले. प्रत्येक टोपीचे दहा दहा. सातपासून दहापर्यंतचे बिंदू छान रेघेत बसले. पाच आणि सहाचे मात्र रेघेच्या किंचित वर राहिले. फरक केसाएवढा होता, पण पुन्हा मोजलं तरी हटेना. पुढच्या रविवारी परत मोजलं, तेच.

कागद घेऊन मी नांदेडला सरांकडे गेलो. सरांनी तो चष्मा वर करून पाहिला.

"टोप्या कुठे केल्या?"

"लातूरला सर. एका लेथवर."

"डाळ मिलचे शाफ्ट करणारा असेल."

"हो सर."

"मग झालं," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात हिणवणं नव्हतं, खरंच नव्हतं. "शाफ्ट वेगळा, हे वेगळं. पहिल्या दोन पातळ झाल्या असतील. वर का आलेत कळलं ना? भिंत पातळ, आकडा जास्त. ते दोन बिंदू गाळ आणि कारण लिही."

टेबलाजवळ बसलेल्या मुलांतला माझा एक वर्गमित्र म्हणाला, "मिस्त्रीला डाळ भरडायचं माप दिलं होतं का रे?" आणि सगळे हसले. मीही हसलो.

तेव्हा मी म्हणू शकलो असतो की मी त्या मोजल्या आहेत. म्हणू शकलो असतो की सहाही टोप्या एकाच हाताने, एकाच रॉडमधून काढल्या; मग चार बरोबर आणि दोनच चूक कशा? यातलं काहीच मी म्हणालो नाही. खोलीवर येऊन इंग्रजीत लिहिलं, की टोप्या स्थानिक कारागिराकडून करून घेतल्या असून पहिल्या दोन टोप्यांची मापं भरवशाची नसल्याने ते बिंदू गाळले आहेत. दोन बिंदू गेले आणि रेघ इतकी सरळ आली की सरांनी ती वर्गात दाखवली. तोंडी परीक्षाही चांगली झाली.

दिवाळीच्या सुट्टीत अहवालाची एक प्रत घरी नेली. आईने ती देवापुढे ठेवली. संध्याकाळी अण्णा हातपाय धुऊन आले आणि प्रत मांडीवर घेऊन बसले. इंग्रजी त्यांना येत नाही. पानं उलटत आकृत्यांपर्यंत आले.

"ह्यात टोप्या कुठं हायत?"

माझी धाकटी बहीण बारावीला आहे. ती शेजारी येऊन बसली. "थांबा अण्णा, मी वाचते. दादाचं इंग्रजी किती पाण्यात आहे तेही कळू दे." मी म्हणालो, राहू दे गं, ते किचकट आहे. पण तिचं बोट त्या ओळीवर गेलं होतं. तिने मोठ्याने इंग्रजी वाचलं आणि क्लासमध्ये करतात तसं लगेच मराठी केलं. 'भरवशाची नसल्याने' हे शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर तिला कळलं आपण काय वाचलं ते. ती माझ्याकडे बघत राहिली.

अण्णांनी विचारलं, "कुटली दोन?"

"पाचची आणि सहाची," मी म्हणालो.

त्यांनी प्रत मिटून आईकडे दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो तेव्हा पत्र्याचा डबा उघडा होता. पाचची आणि सहाची जोड फळीवर होती. अण्णांनी मला बोलावलं आणि माझ्यासमोर मोजलं. "पाच. बघ, पूरं पाच. ही सहा."

मी म्हणालो, "अण्णा, ही जोड आहे. मशीनवर वापरल्या त्या या नव्हेत."

हे वाक्य मी वाद जिंकायला बोललो नव्हतो. छापून गेलेलं वाक्य आता मागे घेता येणार नाही, या भीतीने बोललो होतो. पण अण्णांनी ते जसं होतं तसंच ऐकलं. टोप्या डब्यात ठेवल्या, झाकण लावलं. "बरोबर हाय," ते म्हणाले. "त्या ह्या न्हाईत."

नंतरच्या महिन्यांत मी सुट्टीला घरी येत होतो. एकदा दुकानात बसलो असताना एका मिलचा फोरमन आला. ओळखीचा, वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक.

"मिस्त्री, बेअरिंगची जागा घासली. एवढी बसवून द्या, तुमच्या हातची."

"बारीक मापाचं बंद केलंय," अण्णा म्हणाले. "मागल्या गल्लीत जावा."

"का बा? डोळे गेले का?"

"माप गेलं."

फोरमन मोठ्याने हसला. "तुमचं माप गेलं तर आमच्या मिला काय अंदाजानं चालवायच्या का?" अण्णा हसले नाहीत. फोरमन निघून गेला. मी स्टुलावर बसून होतो. आईला विचारलं तेव्हा कळलं, दिवाळीपासून हे असंच चाललंय.

नांदेडला परत गेलो, पण अभ्यासात लक्ष लागेना. पुढच्याच शनिवारी परत लातूरची एसटी धरली. अहमदपूर गेलं. चाकूरला गाडी थांबली, खिडकीशी शेंगावाले आले. मी वही काढून एक हिशेब केला. टोपी एक मिलिमीटरने वाढली की आकडा किती उतरतो, ते माझ्याकडे होतं. पाचचा बिंदू रेघेच्या किती वर होता, तेही होतं. एकाला दुसऱ्याने भागायचं. तेवढा फरक पडायचा असेल तर टोपी किती पातळ असायला हवी?

जवळजवळ अर्धा मिलिमीटर.

मी परत भागाकार केला. तेच उत्तर आलं. अण्णांच्या हातून अर्धा मिलिमीटर! डोळे बांधून लेथवर बसवलं तरी होणार नाही. आणि माझ्या व्हर्निअरला अर्धा मिलिमीटर दिसला नसता का? हा हिशेब पाच मिनिटांचा होता. सरांच्या टेबलापाशी, त्या दिवशीच होण्यासारखा होता. मी तो केला नव्हता, कारण लेथवाल्याची चूक असणार हे मला सरांइतकंच पटलं होतं. कदाचित जास्तच.

स्टँडवर उतरून घरी न जाता मी रुग्णालयात गेलो. मॅडम निघायच्या तयारीत होत्या. मी हिशेब दाखवला आणि म्हणालो, "मॅडम, अजून एक सांगायचंय. त्या टोप्या माझ्या वडिलांनी केल्यात."

"त्या दिवशी आले होते ते?"

"हो."

मॅडमनी वही टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "चेंबर हातात घ्यायच्या आधी त्यांनी घड्याळ काढलं होतं. ओरखडा पडू नये म्हणून. इथे शिकायला येणाऱ्या एकालाही ते सुचलेलं नाही अजून."

त्यांनी खण उघडून मशीनवर वापरलेल्या, तिथेच राहिलेल्या खऱ्या टोप्या काढल्या आणि मोजल्या. पाचची पाच, सहाची सहा. माझ्या चेहऱ्यावर आनंद दिसला असावा, कारण त्या लगेच म्हणाल्या, "थांबा. जाडी बरोबर आहे, पण बिंदू वर का आले हे अजून कळलेलं नाही. प्लॅस्टिक आतून विरळ असू शकतं. कारण सापडत नाही तोवर तुमचं वाक्य चूक आहे असं मी लिहून देणार नाही."

मग मी त्यांना करवतीचं आणि पाइपचं सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं आणि कागदावर एक वर्तुळ काढलं. "सरळ रेघ सगळेच काढायचे," त्या म्हणाल्या. "मोठमोठ्या प्रयोगशाळासुद्धा. नंतर संगणकावर एकेक किरण सोडून पाहायला लागले तेव्हा लोकांना शंका आली, असं वाचलंय मी. आपल्या चेंबरसाठी करून बघते. पण रुग्णांच्या कामातून संगणक मोकळा होईल तेव्हा. वेळ लागेल."

घरी मी अण्णांना सगळं सांगितलं. रुग्णालयात 'मिस्त्री' म्हणालो होतो त्याबद्दलही बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. "मॅडम काय म्हनतात ते येऊ दे," एवढंच म्हणाले. गरम असताना मोजायचं नाही, हा त्यांचा नियम मला माहीत होता.

महिना गेला, दुसराही गेला. मी फोन करायचो, मॅडम म्हणायच्या अजून नाही. दुकानात अण्णा बुश आणि पुली करत होते. मायक्रोमीटर रुमालातच होता.

गेल्या रविवारी दुपारी मी दुकानात होतो आणि अण्णा लेथवर पुली करत होते. फोन वाजला. मॅडमचा होता. लेथच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून अण्णांनी मशीन बंद केलं. त्या शांततेत मी फोनचा स्पीकर लावला.

"झालं," मॅडम म्हणाल्या. "संगणकात जाडी तुमच्या वडिलांच्या मापाचीच घातली, पाच, सहा, सगळ्या. रेघ सरळ नाहीच आहे. वाकते. आणि तुमचे सहाही बिंदू तिच्यावर बसतात, गाळलेले दोनसुद्धा. शून्याकडे जाताना ती आणखी वर वळते, म्हणजे तुमच्या अहवालातलं शेवटचं उत्तरच कमी आलंय. ते दुरुस्त करून सरांना पाठवा, मी सही करते. कारण तेच आहे, कडेने जाणाऱ्या किरणांना भिंत लांब पडते. टोप्यांत काही चूक नाही." मग त्यांनी विचारलं, "वडील आहेत का तिथे? त्यांना द्या फोन."

मी फोन पुढे केला. अण्णांनी आधी कपड्याने दोन्ही हात पुसले, मग तो घेतला.